गिरणीतला कॉम्प्युटर

तेरमध्ये गोरोबाकाकांच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याला एक लांबट पत्र्याचं शेड आहे आणि त्याला रस्त्याकडून दोन दारं आहेत. एका दारानं माणूस ज्वारीचा डबा घेऊन आत जातो आणि दुसऱ्या दारानं सातबारा घेऊन बाहेर पडतो, असं गावातले टवाळ म्हणतात. त्यात खोटं काही नाही. डावीकडं पिठाची गिरणी आहे, उजवीकडं ऑनलाइन अर्ज भरायचं केंद्र आहे आणि दोहोंच्या मध्ये छातीएवढी प्लायवूडची भिंत आहे. गिरणी कलीमची आणि केंद्र त्याच्या बायकोचं, सबिहाचं. भिंत घातली तेव्हा पीठ पलीकडंच राहील अशी सगळ्यांची समजूत होती. पिठाला मात्र कुणी तसं सांगितलं नव्हतं.

त्यामुळं दुपारी कधीही गेलात तर सबिहाच्या भुवया पांढऱ्या दिसतात. वय अजून पस्तिशीच्या आत, पण भुवयांवरून बघाल तर साठी उलटलेली. बाई तोंडानं तिखट आहे. चुरगळलेले कागद तिला अजिबात खपत नाहीत. कुणी खिशातून चार घड्या घातलेलं आधारकार्ड काढलं की ती ते दोन बोटांत धरते आणि विचारते, "आधार हाय का बिडीचं बंडल?" माणूस ओशाळतो, आणि ती तेच कार्ड तळहातानं सपाट करून, स्वतःच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत देते. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या हयातीच्या दाखल्यासाठी अंगठ्याचं मशीन घेऊन ती त्यांच्या घरी जाते, आणि जाताना असा काही चेहरा करते की जणू त्या म्हाताऱ्यानं मुद्दाम तिला त्रास द्यायला आजारपण काढलंय. पण जाते.

सबिहा मूळची उमरग्याची. हायवेच्या कडेला वाढल्यामुळं तिला मराठी, दखनी आणि ट्रकवाल्यांकडून शिकलेली कानडी, अशा तिन्ही भाषांत भांडता येतं. बारावीनंतर तिनं कॉम्प्युटरचा क्लास केला आणि मग लग्न होऊन तेरला आली. आल्यावर पहिली काही वर्षं तिला नावच नव्हतं. कुणी कलीमची बायको म्हणायचं, कुणी फरिदाबीची सून म्हणायचं. गिरणीच्या रिकाम्या बाजूला तिनं हट्टानं केंद्र काढलं, दारावर पाटी लावली, आणि हळूहळू बाया एकमेकींना सांगायला लागल्या, "सबिहाकडं जाऊन येते गं." हे पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा ती आत जाऊन उगाचच प्रिंटर पुसत बसली होती. इतका आनंद झाला होता तिला.

आता कॉम्प्युटरचं सांगायचं तर तो होता म्हणायला कॉम्प्युटर. सकाळी बटण दाबायचं, मागच्या दारानं घरी जायचं, चहा टाकायचा, प्यायचा, कप विसळून पालथा घालायचा आणि परत यायचं. तोवर पडद्यावर नुसतं गोल फिरत असायचं. एक फाइल उघडायला सांगितली की आतून टक् टक् आवाज यायचा. गिरणी सुरू असली की आवाज वाढायचा आणि काम थांबायचं. मधेच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला लोकांनी ते चालवून घेतलं, कारण त्यांची एक रीतच पडली होती. डबा गिरणीत ठेवायचा, कागद सबिहाकडं द्यायचे आणि मधल्या बाकावर बसायचं. दळण झालं की अर्ज झालेला असायचा. पण पुढं पुढं पीठ थंड होऊन जायचं आणि अर्ज काही व्हायचा नाही. मग लोक उठून धाराशिवची बस धरायला लागले.

कलीमला हे दिसत होतं. कलीम वाईट माणूस नाही. तो फार बोलत नाही, एवढंच. दिवसभर चक्कीच्या आवाजात राहिल्यामुळं बोलून उपयोग नसतो हे त्याच्या अंगात मुरलं आहे. त्याच्या डोक्यात मिरची कांडप यंत्र होतं. गावातल्या बाया उन्हाळ्यात मिरची कांडायला कुठं कुठं जातात आणि आपण इथं मोटार असून बघत बसतो, असं त्याला वाटायचं. आणि कांडप बसवायला जागा एकच होती. उजवा कोपरा, कारण त्याला रस्त्यावर स्वतंत्र दार होतं.

"संक्रांत झाली की मिरचीचं चालू हुतंय," जेवताना तो म्हणाला. "त्याच्या आत बसवाय पायजे."

"आन मी कुठं बसू?" सबिहानं विचारलं.

"तू घरनं कर की. आजकाल मोबाइलवर हुतंय म्हनं समदं."

सबिहानं भाकरी इतक्या जोरात मोडली की फरिदाबींनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. घरातून मोबाइलवर काम करणं म्हणजे काय हे सबिहाला ठाऊक होतं. पाटी जाणार, बाक जाणार आणि ती पुन्हा फरिदाबीची सून होणार. सासूबद्दल तिच्या मनात किंतु नव्हता. पण नुसती त्यांची सून म्हणून राहणं तिला नको होतं, तिला तिचा कोपरा हवा होता.

दुसऱ्या दिवशी तिनं कॉम्प्युटरचा डबा जुन्या चादरीत बांधला आणि धाराशिवच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसली. कंडक्टरनं विचारलं, "ताई, टीव्ही हाय का?" ती म्हणाली, "आजारी मानूस हाय. तिकीट काढू का त्याचं?" कंडक्टर हसत पुढं गेला.

धाराशिवला पंचाक्षरी नावाच्या माणसाचं दुरुस्तीचं दुकान आहे. तो कर्नाटकातल्या आळंदकडचा, त्यामुळं दोघांचं दोन वाक्यं कानडीत झालं आणि ओळख निघाल्यासारखं वाटलं. त्यानं स्क्रू काढले, बाजूचा पत्रा सरकवला आणि तसाच थांबला. आत सगळीकडं पिठाचा थर बसला होता, पंख्यावर तर चांगला जाड.

"ताई, ह्याच्यात एक भाकरी व्हईल," तो म्हणाला.

"दोन व्हत्यात. नीट बघून बोला."

पंचाक्षरीनं डबा दुकानाबाहेर नेऊन हवा मारली. पांढरा ढग उठला आणि शेजारचा चपलांचा दुकानदार खोकत आत गेला. मग त्यानं तिला जुनी हार्डडिस्क दाखवून समजावलं. हिच्या आत एक चकती गरागरा फिरते आणि तिच्यावर एक सुई अधांतरी धरलेली असते. ती सुई चकतीवरचं वाचते. एक तर ही डिस्क म्हातारी झालेली, त्यात गिरणी सुरू झाली की सगळं शेड थरथरतं. सुईची जागा चुकते आणि ती पुन्हा पुन्हा तेच शोधत बसते.

"म्हंजी आत बी जातंच हाय म्हना की," सबिहा म्हणाली.

"तसंच समजा. आन ह्यात," असं म्हणत त्यानं एक चपटी काळी वस्तू तिच्या तळहातावर ठेवली, "ह्यात फिरनारं कायच न्हाय. ह्याला म्हनत्यात एसएसडी. किती बी हलवा."

ती वस्तू पापडाच्या पुडीपेक्षा हलकी होती. सबिहाला क्षणभर आपण फसतोय असं वाटलं. एवढ्या मोठ्या दुखण्याला एवढीशी गोळी? पण मांडीवर आजारी माणूस घेऊन आल्यावर वैद्यावर भरवसा ठेवण्यावाचून दुसरं काय करणार? तिनं साठवलेल्या पैशातून ती घेतली. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरेपर्यंत ती दुपारभर दुकानातल्या स्टुलावर बसून राहिली. निघताना पंचाक्षरीनं दोन गोष्टी सांगितल्या. डबा जमिनीवर ठेवू नका, आणि सरकारी साइटच बंद असली तर ही बिचारी काही करू शकणार नाही, तेव्हा तिच्या नावानं बोटं मोडू नका.

घरी आल्यावर तिनं सगळ्या तारा जोडल्या आणि फरिदाबींना हाक मारली. सवयीप्रमाणं फरिदाबी म्हणाल्या, "चालू कर, मी चहा टाकते."

"चहा नको अम्मी, बघा फक्त."

तिनं बटण दाबलं. फरिदाबींनी चष्मा डोळ्यांवर चढवेपर्यंत पडद्यावर सगळं लागलं होतं. त्या जवळ आल्या, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आगं, बंदच केला न्हवतास काय?"

प्लायवूडच्या भिंतीवरून कलीमचं पांढरं डोकं वर आलं. "परत लाव," तो म्हणाला. तिनं बंद करून परत लावला. "परत," तो म्हणाला. लहान पोर बॅटरीचा उजेड पाडून बघतं तसं त्यानं तिला ते तीन-चारदा करायला लावलं. मग "बरं हाय," एवढंच म्हणून तो दळणाकडं वळला. कांडपाचा विषय त्यानं काढला नाही, पण सोडलाही नाही. सबिहा त्या रात्री मात्र सुखानं झोपली.

रब्बीच्या पीकविम्याचे दिवस होते. बलभीमतात्या ज्वारीचा डबा आणि कागदांची पिशवी घेऊन आले, बरोबर त्यांच्या पत्नी द्वारकाबाई होत्या. तात्यांचं शेत तेरणेच्या काठाला आहे आणि आवाज त्या काठावरून ह्या काठावर ऐकू जाईल असा आहे. मुलगा युवराज पुण्याला कंपनीत असतो. तात्यांनी डबा रांगेत ठेवला, कागद दिले आणि बाकावर नीट मांडी घालून बसले. तंबाखूची पुडी काढली. ती अजून सोडायची होती, तेवढ्यात सबिहानं पावती पुढं केली.

"घ्या तात्या, झालं."

"काय झालं?"

"अर्ज."

"कुनाचा?"

"तुमचाच की. दुसऱ्या कुनाचा करू?"

तात्यांनी पावती घेतली, उलटी केली, सुलटी केली. मग गिरणीकडं बघितलं. त्यांचा डबा अजून तिसऱ्या नंबरावर होता. "आत्ता तर बसलो," ते म्हणाले. सबिहा अभिमानानं हसली. तिला वाटलं, तात्या खूश झाले. तात्या दळण होईपर्यंत तिथंच बसून राहिले आणि त्या पडद्याकडं असं बघत राहिले, जसं कुणी नवीन जावयाकडं बघतं.

संध्याकाळी पारावर ते म्हणाले, "सबिहाचं काय खरं न्हाय. कागुद घेतला न घेतला की हातात परत. घाईत दळलेलं पीठ कवा बारीक आलंय का?" आणि सकाळी पहिल्या बसनं, अर्ज पुन्हा भरायला, ते धाराशिवला गेले.

तात्यांचा शब्द गावात वजनाचा. दोन-चार दिवसांत सबिहाला फरक कळायला लागला. लोक यायचे आणि आधीच सांगायचे, "सावकाश कर बरं, आमाला घाई न्हाय." एका बाईनं अर्ज झाल्यावर विनंती केली की खात्रीला अजून एकदा भर. काहीजण नुसतंच दळण घेऊन जायचे आणि उजव्या दाराकडं मान वळवायचे नाहीत. सबिहाचा संताप झाला. कॉम्प्युटर हळू होता तेव्हा हळू म्हणून बोंब, पळायला लागला तर पळतो म्हणून बोंब. धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय, अशी तिची गत झाली. त्यातच कलीमनं सांगितलं की कांडपवाला पुढच्या आठवड्यात माप घ्यायला येणार आहे.

मग तिनं एक चमत्कारिक गोष्ट केली. एका दुपारी ती मुद्दाम हळू काम करायला लागली. अर्ज भरून झाला तरी पडद्याकडं बघत बसायची. मधेच सुस्कारा टाकायची. माउस उगाच इकडून तिकडं फिरवायची. जुन्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कलच म्हणा. आणि गंमत म्हणजे लोक समाधानानं घरी जात होते! जाताना "बरं झालं बाई" म्हणत होते. तिला मात्र कसंनुसं होत होतं. स्वतःच्या हातानं नवं इंजिन बसवायचं आणि मग गाडी ढकलत न्यायची, असला हा प्रकार होता.

फरिदाबी दारात कधी येऊन उभ्या राहिल्या तिला कळलं नाही.

"काय चाललंय गं?"

"उशीर करतीया," सबिहा म्हणाली. तिनं सगळं सांगून टाकलं.

फरिदाबी आधी पदर तोंडाला लावून मनसोक्त हसल्या. मग बाकावर टेकल्या. त्यांचे यजमान लवकर गेले. कलीम लहान होता तोवर ही गिरणी त्यांनीच चालवली होती, चक्कीच्या झिजलेल्या दगडाला छिन्नीनं टाकी लावण्यापासून पट्टा बदलण्यापर्यंत सगळं स्वतः केलं होतं. "आधी आपल्याकडं डिझेलचं इंजान व्हतं," त्या म्हणाल्या. "मग विजेची मोटार आली. दळण भराभरा निघाया लागलं, तर बायकाच येईनात. म्हनायच्या, एवढ्या बिगीनं निघतंय म्हंजी पीठ जळत असंल, न्हायतर जाडं ऱ्हात असंल. मी भांडले न्हाय कुनाशी. पीठ निघालं की चिमूटभर बाईच्या हातावर ठिवायची. म्हनायची, चोळून बघ. तिनं बघितलं, की तिचं तिला कळायचं. तू काय ठिवतीस लोकांच्या हातावर?"

"पावती."

"पावती चोळून बघता येती व्हय?"

एवढं बोलून फरिदाबी नमाजाची वेळ झाली म्हणून निघून गेल्या. सबिहा बराच वेळ हातावर हनुवटी ठेवून बसली. मग उठून तिनं टेबल ओढलं आणि पडद्याचं तोंड बाकाकडं फिरवलं.

बलभीमतात्या दुसऱ्याच दिवशी आले, मागं द्वारकाबाई. दळणाचा डबा नव्हता. म्हणजे खास भांडायलाच आले होते.

"त्या धाराशिवच्या पोरानं मला हाकललं," त्यांनी दारातूनच सुरुवात केली. "जातोय, दिवसभर बसतोय, कवा सर्व्हर बंद, कवा गर्दी. शेवटी माझे कागुद घितलं तर म्हनतो, आजोबा तुमचा अर्ज तेरातनं झालेला हाय, सरका म्होरं."

"मग मी तेच म्हनलं न्हवतं का तात्या? झाला म्हनून?"

"काय झाला? काय झाला त्येच तर इचारतोय मी!"

सबिहाच्या जिभेवर चांगलं खमंग उत्तर आलं होतं. ते तिनं गिळलं आणि पडद्याकडं हात केला. "हे बघा, समदं हितं हाय. बघून घ्या."

तात्या पडद्याकडं वाकले. थोडा वेळ तसेच राहिले. मग सरळ होऊन म्हणाले, "चष्मा घरी ऱ्हायला."

चष्म्याची काळी दोरी त्यांच्या गळ्यात होती आणि चष्मा सदऱ्याच्या खिशातून अर्धा बाहेर डोकावत होता. द्वारकाबाई खाली मान घालून पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागल्या. सबिहानं ते सगळं बघितलं आणि तिच्या ध्यानात आलं. ह्या माणसाला ती इतकी वर्षं ओळखत होती. किती अर्ज भरले होते त्यांचे, किती ठिकाणी बोट ठेवून सांगितलं होतं, हितं सही करा. तात्या झोकात सही करायचे. आणि तिला कधी शंकासुद्धा आली नव्हती.

"माझ्या बी डोळ्यात पीठ गेलंय," ती डोळे पुसत म्हणाली. "मी मोठ्यानं वाचते. चुकलं तर तुमी मला अडवायचं."

ती वाचायला लागली. नाव, बापाचं नाव, गाव तेर, गट नंबर, क्षेत्र. तात्या प्रत्येक शब्दाला मान डोलवत होते. पण पलीकडं चक्की दणाणत होती आणि ते कानामागं हात धरून "काय? काय म्हनलीस?" असं सारखं विचारत होते. सबिहानं आवाज चढवला, तरी पोचेना. तेवढ्यात चक्कीचा आवाज उतरत गेला आणि थांबला. कलीमनं खटका पाडला होता. तो भिंतीवर दोन्ही हात टेकून उभा होता आणि रांगेतल्या बायाही माना वर करून इकडं बघत होत्या.

"वाच," कलीम म्हणाला.

"पीक," सबिहानं वाचलं, "रब्बी ज्वारी."

"कुठली ज्वारी?" तात्या ताडकन म्हणाले.

"तुमची, तेरणेकाठची."

"आगं ती मागल्या साली! औंदा समदा हरभरा हाय. इचार हिला."

"हरभराच हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "म्या सोता पेरलाय."

सबिहाचे कान गरम झाले. तिला आठवलं. मागच्या वर्षीचा अर्ज समोर उघडा होता, नवा कॉम्प्युटर वाऱ्यासारखा पळत होता, आणि त्या पळण्याच्या नादात तिनं पीक तेच ठेवून पुढचं बटण दाबलं होतं. तात्यांनी काय पेरलंय हे विचारायला तिला सुचलंसुद्धा नव्हतं. उद्या गारपीट झाली असती, हरभरा झोपला असता, तर ज्वारीच्या विम्याचा तात्यांना काडीचा उपयोग नव्हता. ज्यांना ती आठवडाभर मनातल्या मनात शिव्या घालत होती, ते म्हातारबाबा बरोबर होते. घाईत दळलेलं खरंच जाडं निघालं होतं.

"चुकी माझी हाय तात्या," ती म्हणाली. रांगेतल्या सगळ्या बाया ऐकत होत्या, तरी ती स्पष्ट म्हणाली. "तारीख अजून गेली न्हाय. आत्ता तुमच्या समोर बदलते."

आता तात्या शेड डोक्यावर घेतील, असं सगळ्यांना वाटलं. पण तात्या बाकावर बसले. तिनं पीक बदललं, पुन्हा पहिल्यापासून सगळं वाचून दाखवलं आणि हरभरा आल्यावर थांबून त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मान डोलावली. नवी पावती हातात घेतली तरी ते उठेनात.

"पोरी, आजवर लई कागदांवर सह्या ठोकल्या म्या," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खोलीपुरता होता. "तलाठ्याकडं, ब्यांकेत, सोसायटीत. आत काय लिवलंय ते कुनी वाचून दावलं न्हाय, आन म्या बी कुनाला इचारलं न्हाय. नुसता बसून ऱ्हायचो. लई येळ लागला की वाटायचं, चाललंय कायतरी काम. तेवढंच कळायचं बघ मला. तू ते बसनंच काढून घेतलंस, मग मला काय कळावं?"

सबिहानं त्यांच्या हातातली पावती घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि परत दिली. द्वारकाबाई तेवढ्यात म्हणाल्या, "माझं बी राशनचं एक वाचून दाव. सवडीनं आनते." कलीमनं खटका वर केला आणि चक्की पुन्हा सुरू झाली.

त्या दिवसापासून उजव्या दाराची रीत बदलली. अर्ज भरायला वेळ लागत नाही, पण वाचायला लागतो. दोन दळणांच्या मधे कलीम खटका पाडतो, तेवढ्यात सबिहा पडदा बाकाकडं करून एकेक ओळ मोठ्यानं वाचते आणि मधे मधे विचारते, "बरोबर? का उगंच मान हालवताय?" कुणाच्या जन्मतारखेत म्हातारा आपल्या मुलापेक्षा लहान निघतो, कुणाच्या खात्याला भलताच मोबाइल नंबर जोडलेला असतो. सगळं बाकावर बसल्या बसल्या दुरुस्त होतं आणि बाकीचे लोक त्यावर पोट धरून हसतात. काहीजण तर जुनेच कागद घेऊन येतात, नुसते ऐकायला. ती चिडते, "मी काय पोथी लावलीया का हितं?" आणि वाचते. धाराशिवच्या बसमध्ये आता तेरातले अर्जवाले फारसे दिसत नाहीत.

ही रीत पडून चार दिवस झाले आणि ठरल्याप्रमाणं कांडपवाला आला. सबिहा तेव्हा द्वारकाबाईंचे राशनचे कागद वाचत होती. टेप घेऊन तो माणूस सरळ उजव्या दारानं आत शिरला, तिच्या टेबलाभोवती फिरला, भिंतीवर थाप मारून बघितली. "एक नंबर जागा," तो कलीमला म्हणाला. "टेबल काढलं की बसतंय बघा बरोबर." सबिहाचं वाचणं चालूच होतं, पण कोणती ओळ वाचतोय हे तिला कळत नव्हतं.

"हितं न्हाय," कलीम म्हणाला. "मागं चला. मागच्या बाजूला पत्रा टाकून घेऊ."

"मागं? आवो, रस्ता हिकडं हाय, दार हिकडं हाय. मागं कोन मिरची घेऊन येतंय?"

"येतील. बोळातनं येतील."

"आन ही जागा का नको?"

कलीमनं हातातलं पीठ झटकलं. एवढं लांब बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळं त्याला जरा वेळ लागला. "हितं कांडप लावलं," तो म्हणाला, "तर हिचं वाचल्यालं लोकांला कसं ऐकू जाईल?"

दोघं मागं गेले. सबिहा पडद्याकडं बघत राहिली. पडद्यावरची अक्षरं एकात एक मिसळली होती आणि ह्या वेळी डोळ्यात पीठ गेलेलं नव्हतं. द्वारकाबाईंनी थोडी वाट बघितली, मग बाकावरून पुढं सरकून त्यांनी तिच्या हाताला हात लावला.

"वाच की गं फुडं," त्या म्हणाल्या. "माझं नाव यायचंय अजून."